मेणाचे घर

मराठी माणसाची मेणाशी पहिली ओळख गोष्टीतून होते. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि मेणाचे टिकते. ही गोष्ट आमच्या मुलखात जन्मली नसणार, असे मला नेहमी वाटत आले आहे. जामनेरला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि कपाटात ठेवलेल्या मेणबत्त्या न पेटवताच माना टाकतात. गोष्ट इथे घडली असती तर दार ठोठावायला चिमणीला कावळ्याकडे जावे लागले असते.

या लेखाचा विषय मेणाच्या पुतळ्यांची संग्रहालये हा आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, हा प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे ‘व्यक्तिचित्र’ हा प्रकार शिकवण्यात गेली. माणूस हुबेहूब उभा करणे म्हणजे काय, असे विद्यार्थी विचारत. ‘हुबेहूब’ हा शब्द आपण समीक्षेत फार सैलपणे वापरतो. मेणाच्या संग्रहालयात तो शब्द अक्षरशः घेतलेला असतो. तिथे माणसाची मापे काढून माणूस केलेला असतो. म्हणून ‘हुबेहूब’ची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही. दिल्ली आणि लोणावळा इथली अशी संग्रहालये मी पाहिली. शिवाय कोल्हापूरजवळचा कणेरी मठ पाहिला, जिथे मेण नाही. पण त्याचा या चर्चेशी जवळचा संबंध आहे.

या प्रकाराचा इतिहास मजेशीर आहे, आणि थोडा रक्ताळलेलाही. फिलिप कुर्तियुस हा बर्नमधला डॉक्टर शरीररचना शिकवण्यासाठी मेणाचे अवयव करीत असे. त्याच्या घरी काम करणाऱ्या बाईंची मुलगी मारी ही कला त्याच्याकडून शिकली. १७६१ साली स्ट्रासबुर्गला जन्मलेल्या या मुलीने १७७७ साली व्होल्तेरचा पुतळा केला, असे सांगितले जाते. पुढे राज्यक्रांती झाली. गिलोटिनखाली गेलेल्यांच्या चेहऱ्यांचे साचे आपल्याला घ्यायला लावले, असे बाईंनी १८३८ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत म्हटले आहे. त्यातले किती खरे आणि किती धंद्याला पोषक, याबद्दल इतिहासकार साशंक आहेत. १८०२ साली त्या पुतळे घेऊन इंग्लंडला गेल्या, तीसहून अधिक वर्षे गावोगाव फिरल्या आणि १८३५ साली लंडनच्या बेकर स्ट्रीटवर स्थिरावल्या. फ्रान्सला त्या परतल्या नाहीत. १८५० साली वारल्या तेव्हा त्यांचे नाव ही एक पेढी झालेली होती: मादाम तुसाँ.

या फिरत्या वर्षांकडे मी एका वेगळ्या नजरेने पाहतो. तेव्हा वर्तमानपत्रात छायाचित्र नव्हते. राजा कसा दिसतो, खुनी कसा दिसतो, नेपोलियन किती उंच आहे हे इंग्लंडमधल्या एखाद्या जामनेरएवढ्या गावाला कळण्याचा मार्ग म्हणजे ही बाई आणि तिच्या पेट्या. मेणाचा पुतळा ही तेव्हा बातमी होती. १८३९ मध्ये दागेरने छायाचित्रणाची पद्धत जाहीर केली आणि हळूहळू चेहऱ्याची बातमी कागदावर येऊ लागली. खरे तर त्यानंतर मेणाचा धंदा बसायला हवा होता. तो बसला नाही. छायाचित्राने चेहरा सगळीकडे नेला, आणि चेहरा जितका सगळीकडे गेला तितकी त्या चेहऱ्याशेजारी उभे राहण्याची हौस वाढली. लंडनला जाऊन आलेल्या कितीतरी मराठी घरांतल्या अल्बममध्ये तो एक फोटो असतोच.

दिल्लीचे मादाम तुसाँ मी २०१९ च्या जानेवारीत पाहिले. कॅनॉट प्लेसमधली रीगलची इमारत १९३२ सालची. तिथले रीगल चित्रपटगृह ३० मार्च २०१७ रोजी बंद झाले. शेवटच्या दिवशी राज कपूर यांचे ‘मेरा नाम जोकर’ आणि ‘संगम’ दाखवण्यात आले. त्याच इमारतीत, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, मेणाचे संग्रहालय उघडले आणि राज कपूर पुतळा होऊन परत आले. चित्रपटगृह जाते आणि नट राहतो, हा क्रम एखाद्या कादंबरीकाराने लिहिला असता तर आपण त्याला ‘योजून केलेले’ म्हटले असते. हे संग्रहालयही फार टिकले नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर तिथले दार उघडले नाही. २०२२ मध्ये ते नोएडाच्या एका मॉलमध्ये गेले. (आमची पाचोरा–जामनेर पी. जे. ही छोटी गाडीही त्याच टाळेबंदीत थांबली. तिचा पुतळा कुणी केलेला नाही.)

आत जाण्याआधी मी बऱ्यापैकी नाक मुरडून होतो, हे सांगायला हरकत नाही. आत गेल्यावर एका गोष्टीने मला थांबवले: उंची. पडदा माणसाला मोठा करतो, टीव्ही छोटा करतो, छापील फोटो तर कोणत्याही मापाचा असतो. सचिन तेंडुलकर आपण हजारो वेळा पाहिलेला असतो, पण तो आपल्या खांद्याला किती लागतो हे आपल्याला ठाऊक नसते. पुतळ्याशेजारी उभे राहिल्यावर ते कळते. माझ्या शेजारच्या एका गृहस्थांनी मुलाला पुतळ्याशी पाठीला पाठ लावून उभे केले, डोक्यावर तळहात आडवा धरला आणि मुलगा अजून चार बोटे कमी आहे असे जाहीर केले. भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारून आपण घरात जे करतो तेच. कोणतेही चरित्र, कोणताही माहितीपट हे देऊ शकत नाही. मेणाच्या संग्रहालयाची टर उडवणाऱ्या लेखांत हा मुद्दा मला कुठे आढळला नाही, म्हणून तो आधी मांडला.

आता दुसरी बाजू. आशा भोसले यांच्या पुतळ्याचे अनावरण ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांच्याच उपस्थितीत झाले. तेव्हा त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. पुतळा चांगला आहे. साडी, केसांतले फूल, हसू, सगळे नीट. आणि तरीही त्याच्यासमोर उभे राहिल्यावर जे जाणवते ते असे, की या बाईंचे आपल्या आयुष्यात जे स्थान आहे त्याच्याशी यातल्या कशाचाच संबंध नाही. आशाबाई आपल्याकडे रेडिओतून आल्या. बहुसंख्य श्रोत्यांनी कित्येक वर्षे त्यांचा चेहरा पाहिलाही नव्हता, आणि त्यावाचून काही अडले नव्हते. खेळाडूची उंची हा त्याच्या खेळाचा भाग असतो. गायिकेच्या गळ्याचे माप मेणात येत नाही. संग्रहालय मात्र दोघांना एकाच टेपने मोजते. लेखक तिथे जवळजवळ नसतातच, याचे कारणही मला इथे दिसते. लेखकाचा चेहरा ओळखू यावा लागतो आणि आपल्याकडे तो फारसा ओळखला जात नाही. मराठी लेखकांनी याबद्दल खंत करू नये.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. पुतळ्याची नजर आपल्या नजरेला मिळता मिळता निसटते. बाहुल्या काचेसारख्या लखलखीत, हाताने रंगवलेल्या, आणि तरीही ती नजर आपल्या मागे कुठेतरी टेकलेली. एर्न्स्ट येन्च याने १९०६ मध्ये आणि त्याचा आधार घेत फ्रॉइडने १९१९ मध्ये या अस्वस्थतेवर लिहिले: समोरची वस्तू सजीव आहे की निर्जीव याबद्दल मन क्षणभर डळमळते आणि अंगावर काटा येतो. तिथल्या गर्दीत मात्र मला काटा आलेला कुणी दिसले नाही. लोक पुतळ्यांच्या खांद्यावर हात टाकत होते, गालाला गाल लावत होते. मोबाइलच्या पडद्यातून पाहिले की ती अस्वस्थता नाहीशी होते, कारण पडद्यावर दोघेही सारखेच सपाट. पुतळ्यासमोर दोन मिनिटे नुसते उभे राहणारे, फोन खाली ठेवून, असे मला फार थोडे आढळले.

पुतळा तयार कसा होतो हे समजून घेतले तर ‘हुबेहूब’ या शब्दाचे काय होते तेही कळते. माणसाला बसवून शरीराची दोनशेच्या वर मापे आणि सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतात. लोखंडी सांगाड्यावर मातीचा पुतळा घडवतात, त्याचा प्लॅस्टरचा साचा काढतात, त्यात मेण ओततात. मेण निवताना आकसते, म्हणून मूळ घडण दोनेक टक्के मोठी ठेवावी लागते. मग केस: खरे मानवी केस, एकेक करून सुईने रोवायचे, एका डोक्याला काही आठवडे लागतात. शिरा रेशमाच्या धाग्यांच्या. त्वचेवर रंगाचे पातळ थरावर थर. कपड्यांखालचे धड बहुधा फायबरचे असते. मेण फक्त जे दिसते तेवढ्यालाच. हे कसब मोठे आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण यातल्या कोणत्याही टप्प्यावर कारागिराला काही वगळायची मुभा नाही, हे लक्षात घ्यावे. व्यक्तिचित्र लिहिणारा लेखक पहिल्या वाक्यापासून वगळत असतो.

आपल्याकडे मेणाने शिल्प करण्याची परंपरा नाही असे नाही. ती फार जुनी आहे. मोहेंजोदडोची ती कमरेवर हात ठेवलेली छोटी नर्तिका ज्या पद्धतीने ओतली ती मेणाचीच. बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त या ओतकामाची कृती दिलेली आहे. मूर्ती मेणाची करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, तापवायचे. मेण वितळून वाहून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत धातू ओतायचा. इथे मेणाचे काम निघून जाण्याचे आहे. मेण राहिले तर मूर्ती होत नाही. युरोपातल्या प्रदर्शनाने मेणाला थांबवून ठेवले आणि मग त्याच्यासाठी वातानुकूलन यंत्रे बसवली.

थांबवून ठेवलेल्या प्रतींचे काय होते, याचा एक इतिहास आमच्या शेजारीच आहे. जामनेरहून निघाले आणि पहूर ओलांडले की फर्दापूर, आणि फर्दापूरला उतरले की अजिंठा. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथली भित्तिचित्रे उतरवून घेत होता. त्याची पुष्कळ वर्षांची मेहनत लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती, ती १८६६ च्या आगीत गेली. मग मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. मादाम तुसाँलाही १९२५ मध्ये आग लागली आणि पुतळे वितळले; साचे वाचल्यामुळे ते पुन्हा करता आले. १९४० मध्ये बाँब पडला आणि साडेतीनशेच्या आसपास साचेही गेले. अजिंठ्याच्या भिंती, ज्यांच्या नाशाच्या भीतीने या नकला करवून घेतल्या, त्या अजून आहेत. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी कुणासारखा दिसतो असा प्रश्न गेल्या दीड हजार वर्षांत कुणाला पडल्याचे ऐकिवात नाही.

आता लोणावळा. केरळमधल्या कंडल्लूरचे सुनील कंडल्लूर यांनी उभारलेले हे संग्रहालय मुंबई–पुण्याच्या सहलींतला एक ठरलेला थांबा झाले आहे. चिक्की, भुशी धरण आणि मेणाचे पुतळे. एका माणसाने, तुसाँसारख्या पेढीचे पाठबळ नसताना, हे काम अंगावर घेतले याचे मोल आहे. काही पुतळे जमले आहेत, काही ओळखायला पाटी वाचावी लागते. पाटी वाचावी लागली की मेणाचा सगळा दावाच कोसळतो, ही या माध्यमाची निष्ठुर अट आहे. शब्दातल्या किंवा रेषेतल्या चित्राला एवढी शिक्षा नसते.

इथे माझ्यातला संशोधक जरा जास्त रेंगाळला तो छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी. मायकल जॅक्सनचा किंवा कपिल देवचा पुतळा कशासारखा आहे हे विचारता येते, छायाचित्रे आहेत. शिवाजी महाराजांचा पुतळा कशासारखा? तो आपल्या मनातल्या चित्रासारखा असतो, आणि ते मनातले चित्र घडायलाही एक इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत महाराजांचे म्हणून जे एक चित्र छापले जाई ते प्रत्यक्षात इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचे होते. वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून खरे समकालीन चित्र शोधून १९३३ मध्ये पुढे आणले. म्हणजे त्याआधी मराठी घरांत एखाद्या मुलाने ज्या चेहऱ्याला मुजरा केला तो महाराजांचा नव्हता. मुजरा मात्र महाराजांनाच पोचत होता. चेहरा चुकला म्हणून भक्ती चुकली नाही. मेणाचा पुतळा ज्या गृहीतकावर उभा आहे, म्हणजे आधी साम्य आणि मग भाव, ते इथे उलटे पडते.

वि. पां. करमरकर यांचे अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पालय ज्यांनी पाहिले आहे त्यांना अंगणातली म्हैस आठवत असेल. सिमेंटची. रंग नाही, केस नाहीत, काचेचे डोळे नाहीत. तरी लहान मुले तिच्याजवळ जाताना एक पाऊल जपून टाकतात. करमरकरांनी म्हशीचे वजन पकडले आहे, तिचा तो बसण्यातला निवांत आळस पकडला आहे, बाकी सोडून दिले आहे. कणेरी मठातल्या गावगाड्याच्या देखाव्यांतही मेण नाही. सुतार, कुंभार, न्हावी, जात्यावरच्या बाया, विहिरीवरची मोट, सगळे सिमेंटचे. हे पुतळे कोणा एकाचे नाहीत. म्हणूनच तिथे म्हाताऱ्या माणसांची बोलणी वेगळी असतात. ‘हे असंच असायचं आमच्याकडं’ असे म्हणत एक आजी सुनेला जात्याचा खुंटा दाखवत होत्या आणि पाच मिनिटांत पुतळा विसरून आपल्या सासूबद्दल बोलू लागल्या. दिल्लीत मी ऐकलेले वाक्य बहुधा एकच होते: ‘सेम टू सेम.’ त्यापुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

मराठी वाङ्मयातही ही दोन दालने आहेत. षष्ट्यब्दीला निघणारे गौरवग्रंथ उघडून पाहा. माणूस चहूबाजूंनी दिसतो, कुठेही सावली पडत नाही, पदव्या आणि पुरस्कार एकेका केसासारखे रोवलेले असतात. मी स्वतः अशा तीन ग्रंथांत लेख लिहिले आहेत, तेव्हा हे घरातलेच बोलतो आहे. याउलट पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधली माणसे घ्या. ती जशीच्या तशी कुठे नव्हती. तरी आपल्या गावात त्यातला अमुक राहतो असे शपथेवर सांगणारे वाचक मला दर दोन वर्षांनी वर्गात भेटत. आणि आमच्या खानदेशाचे, अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आई दिसायला कशी होती हे त्या पुस्तकाच्या वाचकाला विचारा, तो थबकतो. ती काय म्हणाली हे विचारा, म्हणजे सांगत सुटतो. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांचा चित्रपट आला, वनमालाबाईंनी ती भूमिका केली आणि एका पिढीसाठी आईला एक ठरावीक चेहरा मिळाला. चित्रपट उत्तमच होता. पण त्याआधीच्या वाचकांनी प्रत्येकाने आपापल्या आईचा चेहरा तिथे घातलेला होता, ती सोय त्या दिवसापासून थोडी कमी झाली.

हा विषय मला केवळ समीक्षेचा वाटत होता तोवर लेख लिहायची घाई नव्हती. गेल्या काही वर्षांत पुतळा संग्रहालयातून घरात शिरला. २०२० मध्ये कर्नाटकातल्या कोप्पळच्या एका उद्योजकाने नव्या घराच्या वास्तुशांतीला, काही वर्षांपूर्वी अपघातात गेलेल्या पत्नीचा पुतळा सोफ्यावर बसवला. पाहुणे दचकले, फोटो देशभर फिरले. पुतळा सिलिकॉनचा होता. मेणाचा केला असता तर त्या हवेत रात्रंदिवस वातानुकूलन लागले असते. पाठोपाठ सांगलीहून, करोनात गेलेल्या वडिलांचा असाच पुतळा मुलाने करवून घेतल्याची बातमी आली. नामवंतांचा मान सामान्य घरातल्या माणसाला मिळाला, असे कौतुकाने लिहिले गेले. यात कुत्सितपणे बोलण्यासारखे काहीच नाही. ज्यांनी ते केले त्यांचे दुःख खरे होते आणि त्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे त्याच्यासाठी काही केले.

आमच्या गावात बी-बियाणे आणि खतांचे दुकान असलेले एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीही. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, त्यांच्या पत्नी गेल्या. रुग्णालयातून थेट स्मशान. शेवटचे दर्शन म्हणून जे काही असते ते कुणालाच झाले नाही. त्या बातम्या आप्पांनी मोबाइलमध्ये जपून ठेवल्या होत्या. एका संध्याकाळी त्यांनी मला त्या दाखवल्या आणि विचारले, “सर, तुम्ही या पुतळ्यांवर लिहितात म्हने. करावा का? तुम्ही सांगा.” त्यांच्या आई, ऐंशीच्या पुढच्या, तिथेच खाटेवर होत्या. त्यांनी माझ्या आधी उत्तर दिले: “मले तं भेव वाटते. रातच्याले पानी प्यायले उठलं, तं कोन बसेल हाये तिथं?”

मी हो किंवा नाही म्हटले नाही. मी त्यांना जे सांगितले ते त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. आमच्याकडे गेलेल्या माणसाला घरात ठेवायच्या रीती आहेत, आणि त्यांतल्या एकीतही चेहरा नाही. देवघरातला टाक घ्या. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली एक आकृती, कधी घोड्यावरचा वीर, कधी नुसते जोडपे. जळगावच्या सराफाकडे तयार मिळते आणि कोणाच्याही आजोबांसाठी चालते. अखजीची घागर घ्या. अक्षय तृतीयेला मातीची नवी घागर पाण्याने भरतात, तिच्यावर लहान भांडे, खरबूज, आंबा, सांजोऱ्या. आमच्या घरी सकाळी उंबऱ्यावर कुंकवाची बोटे उमटवतात, एकेका बोटाला एकेक नाव घेत. नाव आठवले नाही तर हात थांबतो आणि आतून कुणीतरी सांगते. वर्षातून एकदा त्या थांबलेल्या बोटापाशी सगळे घर गोळा होते. कानबाईचेही तसेच. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, नारळाला डोळे लावतात, नथ घालतात, दागिने चढवतात. रात्रभर गाणी, सोमवारी मिरवणूक आणि विसर्जन. नारळ कोणासारखा दिसतो? आमच्या बाया मात्र कानबाईशी बोलताना नजर खाली करतात, ती नजर मी दिल्लीत कुठल्याही पुतळ्यापुढे पाहिली नाही.

यावर आप्पांनी जो आक्षेप घेतला तो मला खोडता आला नाही. ते म्हणाले, घागर सगळ्या पितरांची असते. आजा, पणजा, ज्यांना आपण पाहिलेही नाही, त्यांच्या रांगेत ती एक बोट होऊन जाते. “मले ती रांगेत नको, सर. मले ती ती पाहिजे.” परंपरा दुःखाला हळूहळू सामान्य करते, हे तिचे काम. जो नुकताच दुःखात आहे त्याला ते सामान्य होणे हाच अपमान वाटतो. मेणाने आणि आता सिलिकॉनने नेमके हे हेरले आहे: इतरांसारखे नको, तीच हवी, तिच्या मापाची. व्यक्तिचित्र हा प्रकारही आपल्या वाङ्मयात याच भुकेतून आला असला पाहिजे. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या. सोपानदेवांनी आईची गाणी टिपून ठेवली होती, पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपाने आली. मुलाला आई राखायची होती. त्याने चेहऱ्याऐवजी तिचे बोलणे राखले, आणि ते राखण्याजोगे होते हे त्याचे भाग्य. आप्पांच्या पत्नींनी गाणी रचली नव्हती. त्या दुकानाचे उधारीचे खाते पाहत आणि पावसाळ्यात रोज संध्याकाळी गिऱ्हाइकांना फोन करून आठवण देत. ती फोनवरची भाषा आप्पा मला हुबेहूब करून दाखवतात. त्यात त्या खरोखर असतात. त्यांना स्वतःला हे लक्षात येत असेल असे वाटत नाही, आणि मी ते दाखवून दिलेले नाही.

गेल्या अखजीला त्यांच्या घरी घागर भरली गेली. पुण्याहून मुलगी आली होती, तिनेच बोटे उमटवली. पुतळ्याचा विचार आप्पांनी सोडलेला नाही. बंगळुरूच्या एका शिल्पकाराशी त्यांचे बोलणे चालू आहे. पैशांची सोय आहे, खोली ठरली आहे, कोणती साडी नेसवायची तेही ठरले आहे. अडले आहे ते फोटोंवर. शिल्पकाराने सर्व बाजूंचे फोटो मागितले आहेत: समोरून, दोन्ही कुशींवरून, पाठीमागून, हातांचे वेगळे, बसलेले, उभे. आप्पांनी आणि मुलीने घरातले सगळे अल्बम आणि तीन जुने मोबाइल उलथेपालथे केले. लग्नातले आहेत, बारशाचे आहेत, आधार कार्डावरचा आहे. पाठीमागून काढलेला एकही नाही.